मत नाही, तरी मतं मागायला जायचंय: पेन्सिल्व्हेनियात प्रचाराला कोणी गेलंय का?

रानजाई (एडिसन, न्यू जर्सी), १४ सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, एडिसनला येऊन नऊ वर्षं झाली. ग्रीन कार्ड २०२२ मध्ये आलं, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज २०२७ला आणि मत त्यानंतर. यंदा मत नाही.

मंगळवारी आमच्याकडे गौरी आल्या. त्याच रात्री फिलाडेल्फियाला हॅरिस-ट्रम्प डिबेट होती. हळदीकुंकवाला आलेल्या पाचजणी थांबल्या, टीव्ही लावला. गर्भपाताच्या कायद्याचा विषय निघाला आणि आमच्यातली एक मैत्रीण उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर गौरींसमोर बसून रडत होती. २०२२च्या अखेरीस ती टेक्सासला होती. अठराव्या आठवड्यात पाणी गेलं. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं, पण ठोके चालू आहेत तोवर काही करता येत नाही म्हणून घरी पाठवलं. अंगात थंडी भरून दात वाजायला लागले तेव्हा कुठे दाखल करून घेतलं. दोन वर्षं हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मला घरात बसवत नाही. आमच्या भागातल्या बायकांचा एक गट दर शनिवारी नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत दारोदार प्रचाराला जातो, हॅरिस यांच्यासाठी. मला जायचंय. पण मला मत नाही, तर मी लोकांकडे मत मागितलेलं कायद्याने चालतं का? कार्डाला धक्का लागणार नाही ना? दुसरं, माझं इंग्लिश ऑफिसपुरतं बरं आहे, पण अनोळखी दारात उभं राहून बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. आणि घरून विरोध आहे. नवरा काही म्हणत नाही. सासूबाई नाशिकहून आल्यात, त्या म्हणतात, "दुसऱ्याच्या देशात येऊन लोकांच्या दारात कशाला जायचं? कुणी बंदूक काढली म्हणजे?" त्यांची भीती खोटी आहे असंही मला म्हणता येत नाही.

कोणी गेलं असेल तर खरं काय होतं ते सांगा.

गोरेगावची_लेक (प्रिन्स्टन जंक्शन), १५ सप्टेंबर २०२४

रानजाई, तुझ्या मैत्रिणीचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. तिला माझा नमस्कार सांग.

आधी कायद्याचं, म्हणजे मन मोकळं होईल. ग्रीन कार्डावर तू प्रचार करू शकतेस, देणगीही देऊ शकतेस. तुझी एखादी मैत्रीण एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर असेल तर तीही बिनपगारी काम करू शकते, फक्त पैसे द्यायचे नाहीत. मत देणं आणि मतदार म्हणून नाव नोंदवणं, या दोन गोष्टींच्या जवळपासही जायचं नाही. दारात कोणी विचारलंच तर सरळ सांगायचं, "मी अजून नागरिक नाही." मी २०१६ला हेच सांगत होते, तेव्हा माझंही मत नव्हतं. एका आजोबांनी विचारलं, "मग तू का आलीस?" मी म्हटलं, "माझी मुलगी इथे जन्मली, तिला मत मिळायला अजून सहा वर्षं आहेत, तोवर तिच्या वाटचं तुम्ही द्या." ते मिनिटभर गप्प राहिले आणि मग पत्रक घेतलं.

आता माझं सांगते, थोडं लांबेल.

मी गोरेगावची. १९७७ साली मृणालताई गोरे लोकसभेला उभ्या होत्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई शिवणकाम करायची. त्याच्या चार-पाच वर्षं आधी महागाईविरुद्ध बायकांचा लाटणं मोर्चा निघाला होता, त्यात ती गेलेली. ते लाटणं पुढे कित्येक वर्षं आमच्या पोळ्या लाटत होतं. निवडणुकीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या खोलीत सतरंजी अंथरून सात-आठ जणी बसायच्या. मतदारयादी मध्ये ठेवायची आणि एकेका चिठ्ठीवर नाव, यादीतला क्रमांक आणि शाळेतली खोली लिहायची. माझं अक्षर बरं म्हणून मलाही बसवायचे. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठ्या घरोघर. तेव्हा गल्लीत घोषणा होती, "पाणीवाली बाई दिल्लीला, दिल्लीवाली बाई पाण्यात." मला दिल्लीवाली बाई कोण ते कळत होतं, पाणीवाली तर नळावर सगळ्यांना माहीत होती. आईने मला बरोबर नेताना दोन गोष्टी बजावल्या होत्या: उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आणि घरातल्या बाईचं नाव यादीत आहे तर चिठ्ठी बाईच्याच हातात द्यायची. "त्यांची चिठ्ठी त्यांना, तिची तिला," असं ती म्हणायची.

हे इथे का सांगतेय? कारण बक्स काउंटीत मला पहिल्याच दिवशी हेच करावं लागलं.

ऑक्टोबर २०१६. हिलरी क्लिंटन यांचा प्रचार. लेव्हिटाऊनमधला एक भाग मला आणि एका निवृत्त शाळामास्तरणीला दिला होता; त्याला तिथे 'टर्फ' म्हणतात. तेव्हा कागदी याद्या असायच्या, आता फोनवर मिनीव्हॅन नावाचं अ‍ॅप असतं. यादीत घरातल्या प्रत्येकाचं नाव नसतं, ज्यांच्याशी बोलायचं त्यांचंच असतं. एका घरात फक्त बाईचं नाव होतं. दार नवऱ्याने उघडलं. मी तिचं नाव घेऊन विचारलं, तर म्हणाला, "आमच्याकडे हा विषय नको," आणि दार लावलं. ओरडला वगैरे नाही. आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो तेवढ्यात मागून कचऱ्याच्या डब्याची चाकं रस्त्यावर खडखडत आली. तीच बाई, अंगात हॉस्पिटलचा निळा गणवेश, डबा ढकलत आमच्यापर्यंत आली. तो कचऱ्याचा दिवस नव्हता, कारण त्या रस्त्यावर दुसरा एकही डबा बाहेर नव्हता. तिने एवढंच विचारलं, "माझं मतदानाचं ठिकाण अजून शाळेतच आहे का?" मी यादीत बघून सांगितलं की बदललंय, आणि नवा पत्ता वाचून दाखवला. तिने तो दोनदा म्हटला, लिहून घेतला नाही, आणि डबा घेऊन परत गेली. तिने मत कोणाला दिलं ते मला माहीत नाही. पण ती योग्य जागी पोचली असेल, याचं मला आजही बरं वाटतं.

त्या वर्षी आपण हरलो. पेन्सिल्व्हेनियात फरक ४४,००० च्या आसपास होता. राज्यात मतदान केंद्रं साधारण ९,००० आहेत, म्हणजे केंद्रामागे पाच मतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कागदी रुमालावर हा भागाकार केला आणि तो रुमाल दिवसभर पर्समध्ये होता. पाच मतं म्हणजे आमच्या चाळीतला अर्धा मजला.

न्यू जर्सी सोडून तिकडे कशाला जातात, असं कोणी म्हटलं तर हेच सांग. (तू विचारलं नाहीस, पण सासूबाई विचारतील.) न्यू जर्सीची १४ इलेक्टोरल मतं (राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी) डेमोक्रॅटांकडे जाणार हे जवळपास ठरलेलं असतं. पलीकडे १९ मतं आहेत आणि ती कधी या पारड्यात, कधी त्या. २०२०ला तिथे बायडन ८०,००० हून थोड्या जास्त मतांनी आले. तुझ्या घरापासून रूट वनने निघालीस तर तासाभरात ट्रेंटनचा पूल लागतो, शेजारच्या पुलावर 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स' अशी मोठी अक्षरं दिसतात. पूल ओलांडलास की तुझ्या बोलण्याची किंमत वाढली असं समज.

आता दारातलं. तीन तासांत पन्नासेक दारं होतात. त्यातली दहा उघडली तर दिवस चांगला. पूर्वी लोक दार न उघडता पडद्याआडून बघायचे, आता बेलच्या कॅमेऱ्यातून बोलतात. तेव्हा बेल वाजवून दोन पावलं मागे उभं राहायचं, हात दिसतील असे, आणि कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव सांगायचं. जोडीनेच जायचं. 'नो सॉलिसिटिंग'ची, म्हणजे विक्रेत्यांनी येऊ नये अशी पाटी असली तर मी बेल वाजवत नाही, कायद्याने चालत असलं तरी. हिरवळीतून चालायचं नाही, फरसबंदीवरूनच. कुंपणाच्या आत कुत्र्याचं भांडं दिसलं तर फाटक उघडायचं नाही. पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं, पत्रपेटीत टाकायचं नाही. बिनतिकिटाचं काही पेटीत टाकणं संघीय कायद्याने गुन्हा आहे. बंदुकीची भीती मलाही वाटते, मी नाकारणार नाही. आठ वर्षांत कोणी माझ्यावर उगारली नाही. शिव्या दोनदा खाल्ल्या. एकदा एकाने "परत जा" म्हटलं, तेव्हा हातपाय थरथरले आणि मी गाडीत जाऊन पाणी प्यायले. जोडीदारीण माझा हात धरून बसली. मग पुढचं दार.

उच्चाराचं मनातून काढून टाक. दारात भाषण करायचंच नसतं, ऐकायचं असतं. "या वेळी तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?" एवढं एक वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हण. पुढचं सगळं ते बोलतात. किराणा, घरभाडं, आईचं औषध. तुझ्या मैत्रिणीची गोष्ट तिने परवानगी दिली तरच सांग, आणि नाव, गाव न घेता.

एक महत्त्वाचं. पेन्सिल्व्हेनियात टपाली मतपत्रिका आधी आतल्या पिवळ्या गुप्ततेच्या पाकिटात घालायची, मग बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. तारखेवरून तर कोर्टकचेऱ्या चालू आहेत, म्हणून तारीख घातलीच पाहिजे असं सांगायचं. आणि मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पोचली पाहिजे, शिक्का आठच्या आतला असून उपयोग नाही. हे तू दहाजणींना समजावलंस तरी खूप झालं. नाव नोंदवायची शेवटची तारीख २१ ऑक्टोबर आहे.

सासूबाईंना म्हणावं, मताशिवाय राहणं इथल्या बायकांनाही काही नवं नाही. १७७६च्या न्यू जर्सीच्या घटनेत 'सर्व रहिवासी' असा शब्द होता, ५० पौंडांची मालमत्ता असेल तर बाईसुद्धा मत देत होती. १८०७ला तो हक्क काढून घेतला. पुन्हा मिळायला १९२० उजाडलं. मधल्या काळात, १८७२ची अध्यक्षीय निवडणूक आली तेव्हा बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी आपल्या गावी, रॉचेस्टरला, मत दिलंच. अटक झाली, १०० डॉलर दंड झाला, तो त्यांनी कधी भरला नाही. त्यांना तरी कुठे मत होतं?

काजवा (ह्यूस्टन), १५ सप्टेंबर २०२४

कायद्याचं वर बरोबर लिहिलंय, एक भर घालतो. सिटिझनशिपच्या एन-४०० अर्जात सरळ प्रश्न आहे की तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, मत दिलं का, नागरिक असल्याचं सांगितलं का. माझ्या ओळखीच्या एकांनी लायसन्सच्या खिडकीवर गडबडीत मतदार नोंदणीच्या चौकटीत खूण केली आणि पुढे दोन वर्षं वकिलाकडे चकरा मारल्या. तेव्हा कुठलाही फॉर्म सही करण्याआधी पूर्ण वाचा. दुसऱ्यांची नोंदणी करून द्यायच्या टेबलावर बसणार असाल तर आधी गटाच्या प्रमुखांना विचारा, नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत.

बाकी, माझ्या बहिणीसाठी म्हणून सांगतो, जा.

तुळशीवृंदावन (शार्लट), १७ सप्टेंबर २०२४

मी तुमच्या पक्षाची नाही. तरीही लिहितेय, कारण रानजाईंचा प्रश्न माझाही होता.

मी फेब्रुवारीत रिपब्लिकन पक्षाच्या निक्की हेली यांच्यासाठी काम केलं. शार्लटहून दक्षिण कॅरोलिनाची हद्द वीस मिनिटांवर. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, २४ फेब्रुवारीला होती आणि तीन आठवडे मी रॉक हिल, फोर्ट मिलच्या वस्त्यांत फिरले. बहुतेक बायकाच होत्या आमच्या गटात, साठीच्या पुढच्या. सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत त्या घरून बिस्किटं करून आणायच्या, मी कांदेपोहे नेले तर डबा दहा मिनिटांत रिकामा. हेली स्वतःच्या राज्यात हरल्या. ज्या राज्याने त्यांना दोनदा राज्यपाल केलं, तिथे. त्या रात्री आमच्यातल्या एक सत्तर वर्षांच्या बाई खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी त्यांच्याबरोबर सगळ्या खुर्च्या लावल्या.

मला दारात एकीने विचारलं होतं, "तुम्ही लोक तर डेमोक्रॅट असता ना?" मी म्हटलं, माझं किराण्याचं दुकान आहे, कर मी भरते, माझं मत मी ठरवते. आमच्या पक्षात गर्भपातावर माझ्यासारखा विचार करणाऱ्या बायका कमी नाहीत. त्यांच्याशी बोलाल तेव्हा त्यांना आधीच वजा करू नका, एवढी विनंती. यादीत नाव नाही म्हणून दार सोडू नका.

गोरेगावची_लेक, १७ सप्टेंबर २०२४

तुळशीवृंदावन, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. यादीबाहेरची दारं सोडायला आम्हाला सांगतात, वेळ कमी असतो म्हणून. पण अंगणात कोणी काम करत असेल तर मी थांबते. यापुढेही थांबेन.

रानजाई, १० नोव्हेंबर २०२४

निकाल सगळ्यांना माहीत आहे. पेन्सिल्व्हेनिया गेलं, १,२०,००० च्या आसपास मतांनी. बक्स काउंटीसुद्धा गेली, अगदी थोडक्यात. २०१६लासुद्धा ती आपल्या बाजूने होती. बुधवारी मी ऑफिसला गेले नाही.

मी सहा शनिवार आणि शेवटचा रविवार गेले. पहिल्या दिवशी पहिल्या दारात माझा आवाजच फुटला नाही, जोडीदारणीने सांभाळून घेतलं. चौथ्या दारापासून ते एक वाक्य जमलं. ताई, ते वाक्य खरंच पुरतं. एका बाईंनी मला वीस मिनिटं नवऱ्याच्या इन्सुलिनबद्दल सांगितलं आणि शेवटी मला म्हणाल्या, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं."

शेवटचा रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज. बेन्सालेमला एका घरावर तोरण होतं, दारात विरत चाललेली रांगोळी. एक गुजराती आजी बाहेर आल्या. सून आत भावांना ओवाळत होती. आजींनी मला बसवलं, हातावर मोहनथाळ ठेवला आणि म्हणाल्या की आमचं मत कधीच भरून ठेवलंय, उद्या टाकू. फ्रिजवर चुंबकाने लावलेलं पाकीट त्यांनी काढून आणलं. सही होती, तारीख नव्हती. मी पाकिटाला हात लावला नाही. लांबूनच बोट दाखवलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की इथे आजची तारीख, आणि आता टपालाने पाठवू नका, पोचणार नाही, ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः टाका. आजींनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, सुनेला हाक मारली. सून ताम्हन हातात घेऊनच आली. निरांजन तेवत होतं. तिने ताम्हन फ्रिजवर ठेवलं, स्वतःचं पाकीट काढून बघितलं, तर तिच्यावरही तारीख नव्हती. दोघींनी डायनिंग टेबलावर बसून एकाच पेनाने तारखा घातल्या. कोणाला दिलंय हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

घरी आले तर सासूबाई जाग्या होत्या. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि तू पाकिटाला हात नाही ना लावलास?" म्हटलं नाही. मग म्हणाल्या की १९७१ साली त्यांचं पहिलं मत होतं आणि त्यांच्या सासऱ्यांनी कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते दारातून निघतानाच सांगितलं होतं. त्यांनी तिथेच मारला. ५३ वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे काही न बोलता त्यांनी माझं ताट वाढलं.

मैत्रिणीचं लिहायला विसरले. ती स्वतः दारं करायला आली नाही, तिला झेपलं नसतं. पण शनिवारी सकाळी सहा वाजता आमच्यासाठी थर्मासभर चहा करून आणायची. सहाही शनिवार.

ताई, आता पुढे काय करायचं? रिकामे शनिवार खायला उठतात.

गोरेगावची_लेक, ११ नोव्हेंबर २०२४

रानजाई, मीही बुधवारपासून फोन बंद ठेवला होता. काल उघडला आणि पहिलं तुझंच वाचलं. दोन मतं मोजली गेली असतील, तू गेलीस म्हणून.

पुढच्या वर्षी आपल्या राज्यात राज्यपालाची निवडणूक आहे, त्याचं बोलू, पण जानेवारीनंतर. तोपर्यंत शनिवारी दुपारी माझ्याकडे ये. सिटिझनशिपच्या परीक्षेचे १०० प्रश्न आहेत. २०२७ला अजून अवकाश आहे आणि तोवर प्रश्न बदलतीलही, तरी आत्तापासून पाठ करू. मैत्रिणीलाही आण. सासूबाई परत जायच्या आत त्यांनाही घेऊन ये, मला त्यांना भेटायचंय. थालीपीठं करते. ७७वा प्रश्न सुझन अँथनींवर आहे, तो तुला येतो.